वरचं जेवण

४ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं ब्लडप्रेशर तोंडातून वाढतं. राग आला की बोलू नका, लिहा." म्हणून ही वही.

आज राग नाही, आनंद आहे. पण तोही लिहून ठेवते, डॉक्टरीणबाईंचे पैसे वसूल व्हायला हवेत. कुलुपांच्या कारखान्याचं कॅन्टीन आजपासून माझं! सध्या दोन महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर मोठे साहेब दोन वर्षांचा करार करणार. नाही पडलं तर पुन्हा घरातल्या दोन शेगड्यांवर लोकांचे डबे, आणि लेकीचं पुढचं शिक्षण अधांतरी. म्हणजे पसंत पडायलाच हवं.

स्वयंपाकघर मधोमध आहे. एका बाजूने जिना चढला की साहेबांची खोली. बारा खुर्च्या, पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, चिनी मातीची भांडी, खिडकीत फुलांची कुंडी. दुसऱ्या बाजूला कामगारांचा हॉल. लांब बाकं, स्टीलची ताटं, हात धुवायला दोन नळ. वर बारा माणसं, खाली एकशे तीस. करारात दोन पातेली स्पष्ट लिहिली आहेत. वरची भाजी लोण्यातली, काजू घातलेली. खालची साधी. मदतीला आमच्याकडेच राहणाऱ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, आणि एक भांडी घासणारी बाई. वन्संना घरात बसून कंटाळा येतो असं हे म्हणाले, म्हणून घेतलं त्यांना.

७ तारीख, गुरुवार

हात बसला. खाली बाराला भोंगा होतो, बारा-वीसला दुसरा भोंगा, की हॉल रिकामा. काय शिस्त आहे! वर साहेब लोक एकला बसतात ते दोनपर्यंत.

एक गोष्ट मात्र नवल वाटण्यासारखी. खालच्यांची भूक बेताची आहे. दिवसभर लोखंड घासणारी माणसं, मला वाटलं पातेलं चाटूनपुसून नेतील. कसलं काय! दुसऱ्यांदा वाढून घ्यायला कोणी उठत नाही. रोज चार-पाच किलो भात उरतो. साहेब मात्र दोनदा-तीनदा मागून घेतात. डोक्याच्या कामाने जास्त भूक लागत असणार.

वन्संना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असेल." हल्ली त्या सगळ्यालाच "असेल" म्हणतात. काहीतरी बिनसलंय. साहेबांचं वाढून झालं की मी माझ्या छोट्या खोलीत बसून दोन घास खाऊन घेते, कारण मला गोळी असते. त्या मात्र सगळं आवरून चार वाजता ओट्याशी उभ्याउभ्या खातात. "बसा की," म्हटलं, तर म्हणाल्या, "बसले तर उठायची नाही." स्वभाव एकेकाचा.

१२ तारीख, मंगळवार

मेले आज. अगदी मेले होते.

भाजीवाल्याने कोबी किडका पाठवला. त्याच्याशी फोनवर भांडत होते (बोलू नका, लिहा, हे खरं आहे, पण किडक्या कोबीवर निबंध लिहू का?), तेवढ्यात वरची भाजी करपली. बारा साहेब जिना चढत होते आणि माझ्यासमोर लोणी-काजूंचा कोळसा. मग वन्संनी खालच्या पातेल्यातली भाजी चिनी मातीच्या भांड्यांत काढली, वर कोथिंबीर भुरभुरली आणि मला जिन्याकडे ढकललं.

मोठे साहेब पहिला घास घेऊन थांबले. म्हणाले, "बाई, आज हात काही वेगळाच लागलाय. रोज असंच करा."

खाली येऊन मी आणि वन्सं इतक्या हसलो की भांडीवाली घाबरून बघायला आली.

१६ तारीख, शनिवार

चार दिवस एकच पातेलं. वरचं लोणी आणि काजू मी वाया घालवत नाही हं, नाहीतर लबाडी होईल. सगळं मोठ्या पातेल्यातच घालते. बाराजणांचं लोणी एकशे बेचाळीसजणांत, म्हणजे वास येतो एवढंच, पण सगळ्यांना येतो. वरून रोज वाहवा. माझ्यासारखी न्यायी कॅन्टीनवाली या कारखान्याने पाहिली नसेल.

लेकीला कॉलेजात निबंध आहे, 'आर्थिक विषमतेची कारणे आणि परिणाम'. मला म्हणाली, "आई, तू सांग काहीतरी. तू रोज वर-खाली करतेस." मी सांगितलं, "विषमता माणसांच्या मनात असते बाळ. माझ्याकडे वर आणि खाली एकच भाजी जाते. जेवण एक झालं, की बाकी काय उरलं?" ती पेन चावत बसली. म्हणाली, "आणि वेळ?" म्हटलं, "वेळ काय? घड्याळ सगळ्यांचं सारखंच." तिने काही लिहून घेतलं नाही. आजकालच्या मुलांना अनुभवी माणसाची किंमत नाही.

२५ तारीख, सोमवार

आज कानस स्वयंपाकघरात आली. कानस म्हणजे खालच्या कामगारांची पुढारी. पंचेचाळिशीची बाई, किल्ल्यांना दाते पाडण्याच्या मशीनवर असते. जीभ लोखंड घासायच्या कानशीसारखी खरखरीत, इतकी की कारखान्यात तिचं खरं नाव कोणाला आठवत नाही. मला बाई आवडली. आम्हा दोघींचं ब्लडप्रेशर एकाच जातीचं असावं.

कामगारांची एकच मागणी आहे, जेवणाची सुट्टी वीस मिनिटांऐवजी चाळीस. दोन वर्षं झाली मागतायत. साहेब म्हणतात, उत्पादन पडेल. आता पुढच्या आठवड्यात बसून काय ते ठरणार.

"ताई," कानस म्हणाली, "वर काय असतं हो जेवायला? जिन्यावरून वास येतो ना, तेव्हा आमच्या लोकांचा घास तोंडातच फिरतो."

मी म्हटलं, "तेच आपलं... भाजी, भात." आणि कढईत बघत राहिले.

२८ तारीख, गुरुवार

नाचावंसं वाटतंय! मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, "बाई, वरचं जेवण खालच्या सगळ्यांना देता येईल का? तसं झालं तर कामगार सुट्टीची मागणी सोडून देतील. मला आतली बातमी आहे, त्यांना वरच्या जेवणाची फार ओढ आहे. हे जमवलंत तर तुमचा दोन वर्षांचा करार आजच समजा."

जमवलंत तर! मला काही जमवायचंच नाही! उद्यापासून जे करते तेच करायचं आणि दोन वर्षांचा करार खिशात. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नशीबवान आहेस." लेकीने गळ्यात हात टाकले. वन्सं भांडी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "मग त्या लोकांना मिळालं काय?"

"वरचं जेवण!" मी म्हटलं.

"ते तर रोजच खातात."

अशा आनंदाच्या वेळी खुसपट काढायची गरज होती का? मी वही घेऊन आत आले. राग आला आहे म्हणून लिहिते आहे. लिहून झालं तरी गेलेला नाही.

१ तारीख, सोमवार

खाली नुसता उत्साह. कामगारांनी हात वर करून ठरवलं म्हणे, वरचं जेवण मिळत असेल तर सुट्टीचं यंदा राहू दे. कानस एकटी विरोधात होती, तीही वाकली. पॉलिशवाले म्हातारबाबा, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत त्यांची, मला म्हणाले, "पोरी, एकतीस वर्षं त्या जिन्याखाली बसून जेवलो. एकदा वरची चव घेतली की गंगेत घोडं न्हालं."

मी "हो बाबा" म्हटलं आणि डाव धुवायला घेतला, धुतलेलाच.

मग कशी कोण जाणे, नळापाशी जाऊन उभी राहिले, घड्याळ बघत. दोन नळ, एकशे तीस माणसं. हातावर काळं तेल. ते नुसत्या पाण्याने जात नाही, पावडर लावून घासावं लागतं. रांगेतल्या शेवटच्या बाईला नळ मिळाला तेव्हा बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती. ताट घेऊन ती बसली तेव्हा चौदा. सहा मिनिटांत जेवून उठली. उठताना ताटातला पाव पदरात गुंडाळला, मशीनवर खायला.

२ तारीख, मंगळवार

वन्संशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, "तुम्हाला काय जातंय बोलायला? सांगितलं तर करार जाईल. तुमच्या भाचीची फी कोण भरणार? आणि मी कोणाचं वाईट केलंय? सगळ्यांना एकसारखं खाऊ घालते!"

त्या एरवी बोलत नाहीत. आज बोलल्या. "वहिनी, तू पावणेदोनला जेवतेस, बसून. आम्ही दोघी चारला जेवतो, गार झालेलं, उभ्याने. पातेलं तेच गं. पण सारखं आहे का?"

मी म्हटलं, "मला गोळी असते!"

त्या म्हणाल्या, "असेल."

गोळी असते हे खरंच आहे. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. पण गोळी काही आम्हा तिघींना एकत्र बसायला मनाई करत नव्हती. हे मला रस्त्यात सुचलं, भाजी घेताना, आणि मी दोन किलो टोमॅटोऐवजी चार किलो घेऊन आले.

४ तारीख, गुरुवार

सुट्टीची मागणी सोडल्याच्या कागदावर उद्या सह्या होणार होत्या. आज केलं एकदाचं.

बाराचा भोंगा व्हायच्या आधी वरची चिनी मातीची भांडी खाली आणली, टेबलक्लॉथसुद्धा. एका बाकावर अंथरला. लोक आले. मी म्हटलं, "उद्यापासून मिळणार तर आजच चव घ्या." म्हातारबाबांना पहिलं वाढलं. त्यांनी डोळे मिटून घास घेतला. म्हणाले, "वा! वरच्याची चवच वेगळी रे!" मागून दहाबाराजणांनी चाखलं. "लोणी लागतंय बघ." "मसाला निराळा आहे." एकाने तर सांगितलं की ही भाजी आपल्याकडच्या भाजीवाल्याची नव्हेच.

मग मी कानसला पातेल्यापाशी नेलं. एक डाव चिनी मातीच्या भांड्यात घातला, एक डाव तिच्या स्टीलच्या ताटात. म्हटलं, "हे वरचं आणि हे खालचं. गेले तीन आठवडे एकच पातेलं आहे. हे खरं आहे. तुम्ही रोज वरचंच जेवताय. त्याच्यासाठी काही सोडू नका."

मला वाटलं आता ताटं फेकून मारतात. म्हातारबाबा भांड्याकडे बघत होते. मग त्यांना हसू आलं, पोटातून, ठसका लागेपर्यंत. मग सगळा हॉल. "लोणी लागतंय म्हणे!" करून त्या बिचाऱ्याला दिवसभर छळलं.

कानस शेवटी हसली. म्हणाली, "म्हणजे चव जेवणात नव्हती तर."

"मग कशात?" मी विचारलं.

ती काही बोलायच्या आत दुसरा भोंगा झाला.

५ तारीख, शुक्रवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

साहेबांच्या ऑफिसात बैठक. कानसने सांगितलं, "वरचं जेवण नको. ते आम्ही तीन आठवडे खातोय. आम्हाला चाळीस मिनिटं द्या." मोठे साहेब लाल झाले. वीस मिनिटं पुरतात, पूर्वीही पुरायची, म्हणाले. कानस म्हणाली, "मग आजच्या दिवस खाली जेवा. भोंग्याला या, भोंग्याला उठा. पुरलं तर मागणी सोडली."

आणि साहेब हो म्हणाले की! बाकीचे कसे मागे राहणार? बाराच्या बारा खाली. मशीन हाताळल्यासारखं व्हावं म्हणून म्हातारबाबांनी एकेकाच्या तळहाताला प्रेमाने पॉलिशचं काळं लावलं. नळाच्या रांगेत मोठे साहेब सगळ्यात शेवटी होते. एका साहेबांनी मधे घुसायचा प्रयत्न केला, तर चार बायका एकदम म्हणाल्या, "ओ, रांग!" पावडर कमी, घासण्यातच पाच मिनिटं गेली तरी काळं निघेना. शेवटी काळ्याच हातांनी ताट घेतलं. बसायला जागा शोधली. एक घास भाताचा, एक भाजीचा. तिसरा चमचा तोंडापाशी आणि भोंगा!

साहेब सवयीने बसून राहिले. कानसने फक्त घड्याळ दाखवलं. आमचे हिशोबनीस साहेब पाव खिशात कोंबताना मी या डोळ्यांनी पाहिले. हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखल्या.

८ तारीख, सोमवार

चाळीस मिनिटं मंजूर! आणखी चार नळ. पुढच्या सोमवारपासून सुरू. खाली शिट्ट्या, टाळ्या, मला कोणीतरी उचलायला निघालं होतं. माझा आकार बघून बेत रद्द झाला.

मग मोठ्या साहेबांनी बोलावलं. उभंच ठेवलं. "करारात दोन पातेली होती. तुम्ही एक केलंत. आणि मला चारचौघांत तोंडघशी पाडलंत."

"हो साहेब," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दोन्ही खरंच होतं.

दोन वर्षांचा करार गेला. वरच्या खोलीचं जेवण आता बाहेरून येणार. ते लोणी, ते काजू, सगळं गेलं. खालचं काम मात्र माझ्याकडे ठेवलंय, एका वर्षासाठी. कामगार दुसरीच्या हातचं जेवणार नाहीत, असं कानसने म्हणे बजावलं होतं.

जिन्यावर बसून रडले थोडी. निम्मं मिळालं म्हणून की निम्मं गेलं म्हणून, ते कळलं नाही. घरी सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, एका वर्षाची फी तर झाली. पुढचं पुढे बघू. आणि निबंध मी नव्याने लिहिला." वाचून दाखवला. नळांवर दोन पानं होती. मास्तर काय म्हणतील देव जाणे.

१५ तारीख, सोमवार

चाळीस मिनिटांचा पहिला दिवस. आणि माझी फजिती.

बाराला भोंगा. सहा नळ, पाच मिनिटांत सगळ्यांचे हात धुऊन झाले. बारा-वीसला सगळे सवयीने ताडकन उठले. मग एकमेकांकडे बघितलं आणि हसत परत बसले. क्षणभर कोणाला कळेना, आता करायचं काय.

पॉलिशवाले म्हातारबाबा ताट घेऊन माझ्याकडे आले. चोरी करायला आल्यासारखे. "पोरी, अजून भात आहे का गं?"

"आहे की बाबा, रोजच उरतो!" मी डाव भरून वाढला. वर बघते तर त्यांच्या मागे रांग. नळासमोर असायची तशी, हॉलच्या दारापर्यंत. कोणी भात, कोणी भाजी, कोणी नुसता रस्सा. गप्पा, चेष्टा, आणि परत, "ताई, अजून थोडा." बारा-पस्तीसला डाव पातेल्याच्या तळाला लागला. खरवडून वाढलं. मग आमच्या तिघींसाठी झाकून ठेवलेलं काढलं, तेही गेलं. तरी अकराजणं ताट घेऊन उभी. आयुष्यात माझं पातेलं कधी कमी पडलं नव्हतं. मी हात जोडले. ती सगळी म्हणाली, "असू दे ताई, उद्या." आणि हसत गेली.

मागची पानं काढून वाचली. 'खालच्यांची भूक बेताची आहे.' माझंच अक्षर. त्याच्यावर काट मारणार होते, पण राहू दिलं.

हॉल रिकामा झाल्यावर पुन्हा भात टाकला, आमच्यापुरता. वर कोणाला वाढायचं नाही आता, घाई कसली? दीड वाजता लांब बाकावर आम्ही तिघी बसलो. वाफाळता भात, झटपट केलेलं पिठलं. भांडीवाली आधी बसायला लाजत होती. पहिल्यांदा मी वाढलं. दुसऱ्यांदा वन्संनी स्वतः ताट पुढे केलं. तिसऱ्यांदा परत केलं.

नऊ वर्षं एका घरात राहतोय आम्ही. वन्संना एवढा भात लागतो, हे मला आज कळलं.